चौघांची केबिन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो इतकी वर्षं होता, की त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. साहेबापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. त्या मिस्त्रीने पहिल्यांदाच आठवडाभराची रजा मागितली, तेव्हा साहेबाने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काय रे, पुन्हा लग्नबिग्न करतोयस की काय?"

"नाही साहेब. मुलींना घेऊन डोंगरात जातोय."

"मुली? तुझ्या?" साहेब म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर घाईघाईने सही करून मोकळा झाला.

साहेबाची तरी काय चूक? मिस्त्रीला दोन मुली आहेत हे लोक विसरायचे, कारण त्या त्याच्याकडे राहत नव्हत्या. धाकटी नुकती पावलं टाकायला लागली होती, तेव्हाच नवरा-बायकोचं फाटलं. भांडण असं काही गाजलं नाही. तो बंद पडलेल्या लिफ्टच्या मागे, ती दोन पोरींच्या मागे. एकमेकांच्या मागे कोणीच नव्हतं. पुढे तिने दुसरं लग्न केलं, औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका गोलमटोल, सालस माणसाशी. मुली त्याला काका म्हणायच्या, आणि 'ए काका, तू' म्हणायच्या. मिस्त्रीला मात्र 'बाबा, तुम्ही.' थोरली पूर्वी त्यालाही 'तू'च म्हणायची. कधी बदललं ते त्याला आठवत नव्हतं. मोठी झाली, रीत शिकली, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

एकाआड एक रविवार त्याचा असायचा. सिनेमा, मग खाणं, मग दारापर्यंत सोडणं. सिनेमात बोलता येत नाही आणि खाताना तोंड भरलेलं असतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी तिघांनाही सोयीच्या होत्या. पण अलीकडे सिनेमा चालू असताना थोरली अंधारात मोबाईलवर काहीबाही टाइप करत बसायची, आणि धाकटी मध्यंतरात विचारायची, "अजून किती आहे?" ती सिनेमाबद्दल विचारतेय की रविवारबद्दल, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

डोंगराची कल्पना त्याला कामावरच सुचली. एका कचेरीच्या इमारतीत लिफ्ट अधांतरी अडकली होती. आत एक बाप आणि त्याचा मिसरूड फुटलेला मुलगा. मिस्त्रीने दार फाकवलं, तर ते दोघं जमिनीवर फतकल मारून बसलेले आणि हसून हसून डोळे पुसत असलेले. बाहेर पडताना बाप मुलाला म्हणत होता, "मग पुढे काय झालं ते सांग ना!" मिस्त्री हातातला पाना तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. जिथून निसटता येत नाही तिथे माणसं बोलतात, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्याने चौकशी केली. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात तळ्याकाठी लाकडी केबिन भाड्याने मिळत. मोबाईलला रेंज नाही, टीव्ही नाही, पाणी ओढ्यावरून आणायचं. लहानात लहान केबिन चौघांची होती. माणसं तीन होती, पण त्याने घेऊन टाकली. उद्यानाचा मोठा नकाशा आणून पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. छोटा स्टोव्ह विकत आणला आणि गॅलरीत बसून त्यावर चहा करायचा सराव केला. पाठीवर विटा भरलेली पिशवी घेऊन तो रोज संध्याकाळी सोसायटीचे जिने चढू-उतरू लागला, तेव्हा तळमजल्यावरची आजी म्हणाली, "काय मिस्त्री, स्वतःच्या लिफ्टवर भरवसा नाही वाटतं?"

त्या रविवारी सिनेमा रद्द करून त्याने मुलींना थेट खायला नेलं आणि टेबलावर नकाशाची लहान घडी उलगडली. "हे तळं. हा ओढा. इथे झुलता पूल आहे. आणि ही बघा, ही खिंड. इथपर्यंत चढलं की पलीकडचं सगळं बर्फ दिसतं म्हणे."

थोरलीने मोबाईल बाजूला ठेवला, एवढ्यानेच त्याला गड जिंकल्यासारखं झालं.

"अस्वलं असतात का तिथे?" धाकटीने विचारलं.

"असतात. पण आपल्या वाटेला जात नाहीत."

"आणि झोपायचं कुठे?"

"केबिनमध्ये. एकावर एक असे पलंग आहेत. तू वरचा घे हवा तर."

धाकटीने बराच वेळ नकाशाकडे पाहिलं. मग सरबताच्या नळीशी चाळा करत म्हणाली, "काका येणार आहे ना?"

"नाही गं. आपण तिघंच."

"मग मी नाही येत."

तिने ते रागाने म्हटलं नाही. भाजी नको म्हणावं तसं म्हटलं. थोरली लगेच मध्ये पडली, "अगं वेडे, मजा येईल, मी आहे ना!" आणि मिस्त्री "बघू, बघू" म्हणत नकाशाची घडी घालायला लागला. ती काही केल्या मूळच्या घडीवर बसेना.

दुसऱ्या दिवशी थोरलीचा फोन आला. एरवी ती फोन करत नसे. "बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ती तुमच्याकडे कधी झोपलीच नाहीये ना. लहान होती, तिला आपलं ते घर आठवतच नाही. नवीन जागी तिला काका लागतो."

"हो, बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला. "बरोबरच आहे तिचं." फोन ठेवल्यावर तो लिफ्टच्या मशीनखोलीत, फिरणाऱ्या मोटारीच्या आवाजात नुसता उभा राहिला. मग त्याने सरळ औषधांच्या दुकानात फोन लावला.

"मी?" काका पलीकडून जवळजवळ ओरडलाच. "अहो, मला दोन जिने चढले तरी धाप लागते. मी काय डोंगर चढणार!"

"चढू नका. केबिनमध्ये बसा. पण या."

पलीकडे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. ते देऊन झाल्यावर काका हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही स्वतः बोलावताय म्हणजे... येतो मी. तुमच्याकडे येऊ का एकदा? सगळं नीट ठरवू."

मुलींच्या आईचाही फोन आला. ती दवाखान्यात नोकरीला होती आणि तिला रजा मिळणार नव्हती. "तुला हे खरंच चालणार आहे का?" तिने विचारलं.

"चौघांची केबिन आहे," तो म्हणाला. "एक पलंग रिकामाच जाणार होता."

काका आला तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. बँडेज, तापाच्या गोळ्या, डासांचं मलम, उन्हाचं मलम. अर्धं दुकानच उचलून आणलं होतं. खोलीत खुर्ची एकच होती. मिस्त्रीने ती पुढे केली, काकाने नको म्हटलं, आणि शेवटी दोघंही जमिनीवर नकाशासमोर बसले. एकच कप धुतलेला होता म्हणून मिस्त्रीने स्वतःचा चहा पेल्यात ओतला.

"गाडीत थोरलीला पुढे बसवा हं," काका म्हणाला. "वळणांनी तिला मळमळतं."

"तिला? लहानपणी नव्हतं तसं."

"अलीकडे सुरू झालंय. आणि अंडं ती खात नाही आता. उकडलेलं नाही नि तळलेलंही नाही. धाकटी खाते, पण पिवळं काढून. तिला भिंतीकडेला झोपायला लागतं. लोकरीचे मोजे टोचतात, सुती घ्या. अंधाराला भीत नाही ती, पण दार उघडं राहिलं तर घाबरते."

काका बोलत होता आणि मिस्त्री मान हलवत होता. आपल्याच पोरींची ओळख दुसऱ्याकडून करून घ्यायची वेळ आली होती. वाईट याचं होतं, की सांगणारा माणूस चांगला होता. त्यात ना फुशारकी, ना टोमणा. मिस्त्रीला त्याच्याबद्दल मनात खोट काढायची होती आणि हाताला काही लागत नव्हतं. नाही म्हणायला, काका चहा पिताना फुर्र फुर्र आवाज करायचा. तेवढ्यावर राग धरून ठेवणं जमण्यासारखं नव्हतं.

"बुटांचं माप?" त्याने विचारलं.

काकाने दोघींचंही सांगितलं.  मग तो रिकाम्या कपाकडे बघत राहिला. निघायला उठला, पुन्हा बसला.

"काय झालं?"

"मिस्त्री, मी तुम्हाला हे सहलीनंतर सांगावं असं ठरलं होतं. पण तुमच्या घरचा चहा प्यायलोय. माझ्याच्याने नाही राहवत." त्याने रुमालाने मान पुसली. "माझा मोठा भाऊ गेला. त्याचं दुकान आहे तिकडे, समुद्रापलीकडे. वहिनी एकटी पडलीय. आम्ही सगळेच तिकडे जायचं म्हणतोय. कायमचे. सहलीहून परत येताक्षणी सामान न्यायला गाडी येईल. तुमची संमती लागते, वडील म्हणून. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही जाणार नाही. मुलींच्या आईचंही तेच म्हणणं आहे."

मिस्त्री उठला आणि कप विसळायला गेला. कप, पेला, गाळणं, चमचा, सगळं विसळून झालं तरी नळ चालूच होता. त्याला आठवला मागचा रविवार: थोरली पटकन मध्ये पडली होती ती.

"मुलींना माहीत आहे?"

"आहे."

"जायचंय त्यांना?"

"मुलं काय हो, कुठेही रुळतात," काका म्हणाला. ते उत्तर नव्हतं, पण त्या क्षणी मिस्त्रीला ते उत्तरच वाटलं. आपण आडवं यायचं नाही, एवढा एकच मोठेपणा आपल्या हातात उरलाय, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने हात पुसले.

"पाठवून द्या कागद," तो म्हणाला. "आणि तुमच्यासाठी काठी घ्यायला हवी एक. पूल ओलांडताना लागेल."

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रीने नकाशाकडे तोंड फिरवलं.

ठरल्या दिवशी ते निघाले. थोरली पुढे बसली. धाकटी मागे काकाच्या मांडीवर पाय टाकून झोपली. घाट लागला, रेंज गेली आणि दोन्ही बाजूंना उंच, सरळसोट झाडं सुरू झाली. केबिन नकाशात होती तिथेच होती. तळंही होतं. धाकटीने आल्या आल्या भिंतीकडचा खालचा पलंग धरला आणि शेजारच्या पलंगावर थाप मारली, "काका, तू इथे." मिस्त्री वरच्या पलंगावर चढला. तिथून छताचे खिळे दिसायचे आणि खालची कुजबुज ऐकू यायची. शब्द मात्र कळायचे नाहीत.

पण दिवस वाईट गेले असं नाही. त्याचा चहा गॅलरीतल्यापेक्षा चांगला झाला. तळ्याच्या गार पाण्यात पाय बुडवून धाकटीने किंचाळून सगळं रान जागं केलं. एकदा पहाटे हरणं आली आणि चौघंही एकाच खिडकीशी, श्वास रोखून, एकमेकांना चिकटून उभी राहिली. धाकटीचा खांदा त्याच्या कोपराला लागत होता. हरणं निघून गेल्यावरही त्याने कोपर हलवलं नाही.

मग ते झुलत्या पुलावर गेले. खाली ओढा दगडांवर आपटत होता. मुली खिदळत पार झाल्या. मिस्त्रीही गेला. मागे वळून बघतात तर काका पुलाच्या मधोमध पुतळ्यासारखा उभा, दोन्ही हातांनी तारा धरून, डोळे मिटलेले.

"काका, ये ना!" धाकटी हसत ओरडली. तो हलला नाही. तिचं हसू उतरलं. "काका!" आता ती रडायच्या बेतात होती. "बाबा, तो पडेल! तो पडेल, बाबा!"

मिस्त्री परत गेला. उंचावर टांगलेल्या तारांवर त्याची सगळी रोजीरोटी होती. त्याने काकाची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याचे हात स्वतःच्या पट्ट्यावर ठेवले. "डोळे उघडू नका हवं तर. मी पाऊल टाकलं की तुम्ही टाका."

"तुम्हाला माझा राग येत नाही का हो?" काका दात वाजवत म्हणाला.

"येतो," मिस्त्री म्हणाला. "पण पुलावर नको. चला."

दोघं पाय घासत घासत पार आले. धाकटी धावत जाऊन काकाच्या पोटावर गुद्दे मारत रडली आणि मग त्याला घट्ट मिठी मारली. बऱ्याच वेळाने ती मिस्त्रीसमोर येऊन उभी राहिली आणि नीट, शाळेत शिकवल्यासारखं म्हणाली, "थँक्यू, बाबा."

"अगं, त्यात काय," तो म्हणाला.

परतीलाही मिस्त्रीने काकाला तसंच पूल पार करवलं, आणि खिंडीचा बेत तिथेच बारगळला. काकाला पुन्हा कुठे चढवणं शक्य नव्हतं आणि धाकटी त्याला सोडून यायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली त्याच्याबरोबर पाण्याला आली. कॅन भरेपर्यंत ती ओढ्यात खडे टाकत होती. एकाएकी म्हणाली, "बाबा, तुम्ही लगेच सही केलीत म्हणे."

"हो. काका म्हणाले..."

"काका काहीही म्हणेल. मला विचारायचं तरी."

त्याच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि वाहत गेलं. "मला वाटलं तुम्हाला जायचंय. मी मध्ये का येऊ?"

"मध्ये यायचं होतंस!" ती ओरडली. ओढ्याच्या आवाजावरही तिचा आवाज चढला. "माझ्या मैत्रिणी इथे आहेत, माझी शाळा इथे आहे. आईला मी नाही म्हणू शकत नव्हते. मला वाटलं, तू म्हणशील. तू एकदा तरी नाही म्हणायचं होतंस, बाबा. एकदा तरी, 'माझ्या मुली आहेत, मी नाही पाठवणार' असं. तू नुसतं चला म्हणतोस सगळ्यांना."

किती वर्षांनी ती त्याला 'तू' म्हणत होती, आणि ते असं. त्याला बोलायचं होतं, की मी रोज जिने चढलो, स्टोव्ह घेतला, ही केबिन घेतली. पण हे सगळं एकदम क्षुल्लक वाटलं. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, मी नाही म्हटलं तर तुम्ही माझा राग कराल."

"केला असता," ती नाक पुसत म्हणाली. "थोडे दिवस."

"आता म्हणू? मी बोलतो तुझ्या आईशी."

तिने मान हलवली. "आता घर विकलं, बाबा."

कॅन जड होता. तिने मुठीला एका बाजूने धरलं, त्याने दुसऱ्या बाजूने. झाकण नसल्यामुळे पाणी वाटभर हिंदकळत होतं आणि दोघांचेही बूट भिजत होते. ती सावकाश चालत होती. तोही घाई करत नव्हता.

केबिन त्याने आठवडाभराची घेतली होती, पण सामानाची गाडी ठरल्यामुळे त्यांना एक दिवस आधी निघायचं होतं. काका म्हणाला, "मिस्त्री, आपण सगळेच निघू." मिस्त्री म्हणाला, "तुम्ही गाडी घेऊन व्हा पुढे. मी उद्या बसने येतो. भाडं भरलंय, उगाच वाया कशाला घालवायचं." कारण खोटं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं.

काकाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मग गाडीत जाऊन बसला. थोरलीने मिस्त्रीला घाईघाईने मिठी मारली. तिचं कपाळ त्याच्या हनुवटीला लागलं, चांगलंच. गाडी सुरू झाली, थोडी पुढे जाऊन थांबली. दार उघडलं आणि धाकटी धावत परत आली. मिस्त्री दोन पायऱ्या उतरला, हात नकळत पुढे झाले. "टोपी राहिली," ती धापा टाकत म्हणाली, त्याच्या बाजूने आत गेली आणि टोपी घालून बाहेर आली. जाताना तिने हात हलवला. त्यानेही हलवला, झाडांआड गाडी दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ.

मग त्याने चारही पलंगांवरच्या चादरी झटकल्या. दुपारचं जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाठीला पिशवी लावून तो खिंडीच्या वाटेला लागला. चढ नकाशावर दिसतो त्याहून उभा होता. झाडं संपली, मग गवत संपलं, मग नुसते दगड. तो थांबून थांबून चढला. वर पोचला तेव्हा वाऱ्याने डोळ्यांना पाणी सुटलं. पलीकडे खरंच सगळं बर्फ होतं, रांगेमागे रांगा, आणि त्यावर लख्ख ऊन. "बघा," तो मोठ्याने म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून ओशाळला.

एका खडकाच्या आडोशाला तो पाव खात बसला असताना पाठीमागून एक कुटुंब वर आलं. आई, वडील, तीन मुलं, सगळ्यांचे गाल लाल. वडिलांनी त्याला फोटो काढायची विनंती केली. त्याने काढला. धाकट्याचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला.

"तुमचाही काढते की," त्या बाई म्हणाल्या. "एकटेच आलात?"

"नाही, नाही," मिस्त्री म्हणाला. "माझी माणसं पुढे गेलीत."

"मग गाठा की त्यांना! निघा लवकर, दुपारनंतर इथे ढग येतात म्हणे."

"हो, निघतोच," तो म्हणाला आणि पिशवीचे बंद आवळल्यासारखं करत राहिला. मुलं त्या दगडावरून या दगडावर उड्या मारत होती आणि बाई त्यांच्यावर ओरडत होत्या. ती सगळी उताराला लागेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.